कॅमेऱ्याचं नंतर बघूया, आधी पहिला आठवडा लिहून काढा

पत्र: सर, नमस्कार. मी खानापूरची, बेळगावातल्या एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, बीकॉमला कॉस्ट अकाउंटिंग शिकवते. पुढच्या सेमिस्टरला माझा विषय पूर्ण ऑनलाइन शिकवायचा असं ठरलंय. ट्रेनिंग म्हणून एक दिवस सॉफ्टवेअर दाखवलं, कुठलं बटण कुठं ते कळलं, पण त्यावर शिकवायचं कसं ते कुणी बोललंच नाही. लॉकडाऊनमध्ये गूगल मीटवर तासच्या तास बोलायचे, समोर नुसते काळे चौकोन, कोण ऐकतंय कोण नाही काही समजायचं नाही, ते आठवलं तरी नको वाटतंय. वर्गात जांबोटी, कणकुंबी, नंदगडची पोरं आहेत अन् हुक्केरी-संकेश्वरकडची कन्नड मीडियममधनं आलेलीही आहेत. माईक, रिंग लाइट, नवा लॅपटॉप घ्यायला लागतोय का? कॅमेरा ऑन झाला की माझं तोंडच उघडत नाही. अन् पोरं कॉपी करणार नाहीत कशावरनं? सुरुवात कुठनं करू?
(एक वाचक, खानापूर)

मॅडम, नमस्कार.

आधी खर्चाचं सांगतो, एक रुपया घालू नका. हातातला फोन आणि वायरवाला साधा इअरफोन, त्याला माईक असतोच, तेवढं पुरे. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत बसायचं म्हणजे आवाज घुमत नाही, झालं. हे मी धीर द्यायला म्हणून बोलत नाही. २०१४ साली फिलिप गुओ ह्या अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सेसच्या वेबसाइटचा डेटा तपासला, साधारण ६९ लाख वेळा पोरांनी व्हिडिओ लावले होते त्याची नोंद, त्यात दिसलं की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ पोरं जास्त टिकून बघतात, आणि भारी स्टुडिओत शूट केलेल्यापेक्षा मास्तर आपल्या टेबलाशी बसून बोलतोय किंवा हातानं लिहून दाखवतोय असे व्हिडिओ जास्त बघितले जातात. म्हणजे तुमचा वहीचा कागद, निळा पेन आणि वरनं धरलेला फोन हेच चांगलं आहे. कॉस्ट शीट, म्हणजे वस्तूला कुठला खर्च किती आला त्याचा तक्ता, हातानं मांडत जायची आणि बोलत जायचं. तोंड दिसायची गरजच नाही, तुमची निम्मी भीती तिथंच संपली बघा.

आता त्या काळ्या चौकोनांचं. तो तुमचा दोष नव्हता, मनातनं काढून टाका. तेव्हा सगळ्यांनी काय केलं तर कॉलेजचं टाइमटेबल उचललं आणि जसंच्या तसं फोनवर आणून ठेवलं, नऊचा तास नऊला, दहाचा दहाला. २०२० च्या मार्चमध्येच अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी लिहिलं होतं की ही आणीबाणीतली सोय आहे, हिला विचार करून आखलेलं ऑनलाइन शिक्षण समजू नका, दोन्ही वेगळं आहे. पण आपल्याकडं तेच ऑनलाइन म्हणून डोक्यात बसलं आणि अजून तसंच चाललंय. तुम्हाला ह्यावेळी तयारीला वेळ मिळालाय, तो लेक्चर रेकॉर्ड करण्यात घालवू नका.

मग कशात घालवायचा? एक आठवडा लिहून काढण्यात. सगळा सिलॅबस राहू दे बाजूला. एकच आठवडा घ्या, समजा कॉस्ट शीटचा. कागदावर वर लिहा की हा आठवडा संपल्यावर माझ्या पोराला काय करता आलं पाहिजे. "कॉस्ट शीट समजली पाहिजे" असलं नको, समजली का नाही ते कसं कळणार तुम्हाला? असं लिहा की दिलेल्या आकड्यांवरनं डायरेक्ट मटेरियल, डायरेक्ट लेबर, डायरेक्ट एक्स्पेन्सेस मिळवून प्राइम कॉस्ट काढता आली पाहिजे, त्यात फॅक्टरी ओव्हरहेड, म्हणजे फॅक्टरीचं भाडं वगैरे वरखर्च, घालून वर्क्स कॉस्ट, मग ऑफिसचा खर्च, मग विक्रीचा, असं सेल्सपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि फॅक्टरीचं भाडं वर आणि ऑफिसचं भाडं खाली का जातं ते दोन वाक्यात सांगता आलं पाहिजे. हे लिहिलं की पुढचं आपोआप उलट्या दिशेनं सुचत जातं. हे जमलं का ते बघायला शेवटी कुठलं गणित देणार? ते यायला आधी सराव कुठला लागेल? त्या सरावाला किती सांगणं पुरेल? आणि मग लक्षात येतं की सांगायचं फार थोडं असतंय, करायला लावायचं जास्त असतंय. आपण वर्गात पन्नास मिनिटं बोलतो कारण तास पन्नास मिनिटांचा आहे म्हणून.

तर तुमचा आठवडा साधारण असा होईल. पाचेक मिनिटांचा एक व्हिडिओ, त्यात एक कॉस्ट शीट तुम्ही पूर्ण सोडवून दाखवताय. दुसरी कॉस्ट शीट अर्धी सोडवलेली, वर्क्स कॉस्टपर्यंत तुम्ही केलेली आणि पुढची पोरानं पूर्ण करायची. तिसरी कोरी. ही अर्धी सोडवलेली पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि मग म्हणतात पोरांना येत नाही, अहो बघण्यातनं एकदम करण्यात उडी कशी मारणार तो. व्हिडिओ आणि गणिताच्या मध्ये पाच प्रश्नांची छोटी टेस्ट टाका, गूगल फॉर्ममध्ये क्विझ करता येते, मार्क आपोआप पडतात, आणि चुकलेल्या उत्तराखाली तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं स्पष्टीकरण दिसतं. ह्या टेस्टला मार्क नगण्य ठेवा, कितीही वेळा द्या म्हणून सांगा. ही टेस्ट शिकण्यासाठी आहे. रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलंय की धडा परत परत वाचणाऱ्यापेक्षा, वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्याच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. आपली आजी पाढे म्हणून घ्यायची ते काय वेगळं होतं.

हे सगळं एका पानावर आलं पाहिजे, आणि दर आठवड्याचं पान सारखंच दिसलं पाहिजे. वर "ह्या आठवड्यात काय करायचं", खाली क्रमानं बघा, करा, पाठवा, शेवटची तारीख. पोराला शोधायला लागू नये. एक नोट्स व्हॉट्सॲपवर, एक गूगल क्लासरूममध्ये, लिंक मेलवर, तारीख तोंडी, असं झालं की चांगली पोरंसुद्धा सुटतात. सोमवारी सकाळी एकाच ठिकाणी पान पडणार म्हणजे पडणार. पहिले तीन आठवडे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी तयार करून ठेवा, सगळे नको, कारण तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला पोरं कळतील आणि चौथा तुम्ही वेगळा करणार आहात.

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल बघितलंत का? २०१७ च्या जुलैमध्ये सुरू झालं, त्यातल्या कोर्सला चार भाग असतात, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची परीक्षा आणि चर्चा. तुमच्या विषयाचा एखादा कोर्स काढून विद्यार्थी म्हणून दोन आठवडे करून बघा. कुठं कंटाळा येतोय, कुठं अडलं, कुठं विचारायला कोणी नाही म्हणून सोडून द्यावंसं वाटलं, ते वहीत लिहा. ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकाल. आणि तिथलं एखादं लेक्चर चांगलं वाटलं तर त्याची लिंक द्या की, सगळं आपणच बोललं पाहिजे असं कुठं आहे. फक्त पुस्तकच्या पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका, ते कायद्यात बसत नाही.

आता नेटवर्क. इथं जरा थांबून बोलतो, कारण बेंगळुरूला बसून बनवलेल्या ट्रेनिंगमध्ये हे येत नाही. कणकुंबीला पावसाळ्यात काय असतंय तुम्हाला मी सांगायला नको. लाइट गेली की टॉवरचं काय खरं नसतंय, फोन चार्ज नाही, पोरगं रेंजसाठी टेकाडावर किंवा रस्त्यावर येऊन उभं राहतंय. त्याला सांगायचं की सकाळी दहाला लाइव्ह ये, हे बरोबर नाही मॅडम. थोडा हिशेब बघा, तुमचाच विषय आहे. लाइव्ह व्हिडिओ एक एमबीपीएसनं चालला असं धरलं तर तासाला ४५० एमबी जातात. तोच तुमचा नुसता आवाज ६४ केबीपीएसला रेकॉर्ड केला तर मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही, दहा मिनिटांची ऑडिओ पाच एमबीत बसते. पाच एमबीची ऑडिओ आणि सोबत सोडवलेल्या गणिताची एका पानाची पीडीएफ, हे रस्त्यावर उभं राहून दोन मिनिटात उतरतंय आणि घरी जाऊन नेटशिवाय ऐकता येतंय. म्हणून प्रत्येक व्हिडिओबरोबर हे हलकं जोडपाकीट द्याच. पीडीएफ करताना शक्य तिथं टाइप करा, फोटो काढून पीडीएफ केली तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनला ती वाचून दाखवता येईलच असं नाही.

शेवटची तारीख रविवारी रात्री बाराला ठेवू नका. घरात फोन एकच असतो, दिवसभर तो वडिलांकडं उद्यमबागला फौंड्रीत, रात्री जेवणं झाल्यावर भाऊ-बहिणीत वाटणी. बऱ्याच घरात मुलीचा नंबर शेवटी लागतो हे आपल्याला माहीतच आहे. सोमवार ते पुढचा मंगळवार असा सैल काळ द्या, आणि सेमिस्टरमध्ये दोनदा कारण न विचारता उशीर चालेल असं आधीच सांगून टाका. कारण विचारलं की ज्याला खरंच अडचण आहे ते पोरगं लाजून सांगत नाही, बाकीचे बरोबर कारणं काढतात.

आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायच्या आधी विचार करा, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींना नको ते मेसेज तिथनंच सुरू होतात आणि मग घरातनं फोनच बंद होतो, म्हणजे शिक्षण बंद. गूगल क्लासरूममध्ये नंबर दिसत नाही, खासगी कमेंटमध्ये फक्त तुमच्याशी बोलता येतं. ते वापरा.

सेमिस्टरच्या आधी पोरांना एक छोटा फॉर्म पाठवा किंवा सरळ फोन करून विचारा. फोन स्वतःचा का घरचा, नेट कुठं मिळतं, किती वाजता मोकळा असतो, दहावी-बारावी कुठल्या माध्यमातनं, ह्या विषयाची भीती कशाची वाटते. हे विचारल्याशिवाय पान लिहायला घेऊ नका.

भाषेचं आता. वर्गात आपण काय करतो, मराठीत सांगतो, मग हुक्केरीच्या पोराकडं बघून चार वाक्यं कन्नडमध्ये सांगतो, टर्म इंग्लिशमध्ये ठेवतो, आणि सगळ्यांचं भागतं. ऑनलाइनला आलो की काय होतं कुणास ठाऊक, आपण एकदम पुस्तकी इंग्लिश बोलायला लागतो, रेकॉर्ड होतंय म्हणून. तसं करू नका. पेपर ज्या भाषेत लिहायचा आहे त्यातल्या टर्म्स पक्क्या ठेवा, ओव्हरहेडला ओव्हरहेडच म्हणा, पण समजावणं आपल्या भाषेत होऊ दे. कन्नडमध्ये तुमचा हात चालत नसेल तर डिपार्टमेंटमधल्या कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याला दर आठवड्याला चार मिनिटांची ऑडिओ करून द्यायला सांगा, बदल्यात त्यांच्या विषयाची मराठीत तुम्ही करून द्या. पोरांना शंकासुद्धा जमेल त्या भाषेत लिहू दे, रोमनमध्ये टाइप केलेली मराठी, कन्नड, काहीही. शंका आली हे महत्त्वाचं. आपल्या भागात भाषेवरनं मोठ्यांचं काय चालतं ते चालू दे, वर्गात कुठल्याही पोराला आपली भाषा इथं चालत नाही असं वाटता कामा नये, एवढं तुमच्या हातात आहे आणि ते तुम्ही करा.

कॉपीचं विचारलंत. सगळ्यांना एकच गणित दिलं तर कॉपी होणारच, वर्गातही होते. आकडे रोल नंबरला बांधा. समजा ब्रेक इव्हनचं, म्हणजे किती नग विकले की ना नफा ना तोटा, असं गणित आहे, फिक्स्ड कॉस्ट १०,००० अधिक रोल नंबर गुणिले १००, विक्रीची किंमत ५०, व्हेरिएबल कॉस्ट ३०. रोल नंबर १४ ला फिक्स्ड कॉस्ट आली ११,४००, कॉन्ट्रिब्युशन म्हणजे ५० वजा ३०, २०, उत्तर ५७० नग. रोल नंबर १५ चं वेगळं येणार. तपासायला एक्सेलमध्ये एकदा फॉर्म्युला टाकला की पूर्ण वर्गाची उत्तरं समोर. आणि "मग ह्यावरनं तुम्ही मालकाला काय सांगाल" हे स्वतःच्या आवाजात एक मिनिट रेकॉर्ड करून पाठवायला लावा. ज्यानं केलं नाही त्याला ते एक मिनिट बोलता येत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे गणितच त्यांच्या गावातनं येऊ दे. शहापूर-वडगावच्या पोराला घराशेजारचा पॉवरलूम आहे, सूत किती, मजुरी किती, लाइट बिल किती, एका साडीची कॉस्ट शीट मांड म्हणा. एखादी कुंद्याचं दुकान गाठेल, दूध, साखर, गॅस, आटवत बसणाऱ्या माणसाची मजुरी, खोका. निपाणीची विडी, संकेश्वरकडची ऊसतोड, खानापूरची भातशेती, हे आहेच. पोरगं जाऊन विचारून येतं, वहीत मांडतं, फोटो पाठवतं, आणि दुकानदारानं स्वतःची मजुरी धरलीच नाही हे त्याला तिथं दिसतं, मग ते कुठल्या पुस्तकातनं शिकवायला लागत नाही. मोबाईलवरच्या एआयला विचारून हे येणार नाही कारण त्याला वडगावच्या लूमचं लाइट बिल माहीत नसतंय. खरे आकडे द्यायला दुकानदार कचरतील, तर अंदाजे घ्या म्हणावं, नाव लिहू नका म्हणावं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला तुमच्यापर्यंत पोचवायचीच आहे. ऑनलाइन कोर्स सोडून देणारं पोरगं बऱ्याचदा विषय अवघड म्हणून सोडत नाही, तिकडं पलीकडं कोणी आहे का नाही हेच त्याला कळत नाही म्हणून सोडतं. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर ह्या कॅनडातल्या तिघांनी २००० साली ह्यावर नीट मांडणी केली, त्यांचं म्हणणं असं की ऑनलाइन शिकण्यात तीन प्रकारची हजेरी लागते, शिकवणाऱ्याची, विचार करण्याची, आणि माणूस म्हणून एकमेकांची. आपण पहिल्या दोन्हीच्या मागं लागतो आणि तिसरी विसरतो. तुम्ही व्हिडिओ टाकले म्हणजे तुम्ही तिथं आहात असं होत नाही. सोमवारी दोन मिनिटांची ऑडिओ टाका, गेल्या आठवड्यात बऱ्याच जणांनी ऑफिसचं भाडं वर धरलं, असं का झालं ते सांगते, असं नावं न घेता बोला. त्यांचं काम तुम्ही बघितलंय हे त्यांना त्यातनं कळतं. शंकेला उत्तर एका दिवसात, रात्री नऊनंतर नाही, असं ठरवून जाहीर करा आणि पाळा. एका आठवड्यात काहीच पाठवलं नाही त्या पोराला फोन करा. मेसेज नको, फोन. "काय रे, बरा आहेस का, काही अडलंय का" एवढंच. रागावायचं नाही. ह्या एका फोननं पोरं टिकतात, हे मी बघितलंय आणि अजून बघतोय.

लाइव्ह अजिबातच नको असं नाही. पंधरवड्याला एक, अर्धा-पाऊण तास, संध्याकाळी, आणि त्यात शिकवायचं नाही, फक्त अडलेली गणितं सोडवायची. येईल तो येईल, सक्ती नाही, रेकॉर्डिंगची ऑडिओ बाकीच्यांना. आठ-दहा पोरं आली तरी भरपूर. कॅमेरा त्यांच्यावरही लादू नका, घरात मागं काय दिसतंय ह्याची पोरांना लाज वाटते. चॅटमध्ये उत्तर लिहायला सांगा आणि "तीन म्हटल्यावर सगळ्यांनी पाठवा" म्हणा, म्हणजे पहिल्याचं बघून बाकीचे लिहीत नाहीत आणि तुम्हाला एका झटक्यात वर्ग कळतो.

तुमची कॅमेऱ्याची भीती जाईल हळूहळू. सुरुवातीला समोर एखाद्या माणसाला बसवा, बहीण, भाची, कोणीही, तिला समजावून सांगा आणि फोन बाजूला चालू ठेवा. अडखळलात तर कापत बसू नका, "थांबा, परत सांगते" म्हणा आणि पुढं जा, वर्गात तसंच करतो की आपण.

एक शेवटचं, कारण तुम्ही गेस्ट आहात. ऑनलाइन म्हणजे काम कमी असं ऑफिसला वाटतं आणि तसे तास धरले जातात. आठवड्याचं पान लिहिणं, ऑडिओ, तपासणं, फोन, हे सगळं मिळून वर्गापेक्षा जास्त होतं, पहिल्या सेमिस्टरला तर नक्कीच. सुरू व्हायच्या आधी प्रिन्सिपॉलना भेटा, केलेला एक आठवडा दाखवा, ह्याला किती वेळ गेला ते लिहून घेऊन जा. वर्कलोड किती धरणार, इंटर्नलचे मार्क ह्या टेस्टना देता येणार का, आणि मी केलेले व्हिडिओ मी सोडून गेल्यावर कॉलेज वापरणार का, ह्या तिन्हींचं उत्तर लेखी मागा. भांडण नको, पण तोंडी "बघूया की मॅडम" वर परत येऊ नका.